पावसाचं गणित
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘आपल्या मुलांनी पुढे काय शिकावं?’ मी इंजिनीअर झाले, वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पण कॉम्प्युटरला गेलं की नोकरी लागते का, पगार किती मिळतो, हे आता कुणीही सांगतं. त्यासाठी मला माईकसमोर उभं करण्याची गरज नाही. म्हणून मी तुमच्या परवानगीने थोडी वाट बदलते. मुलांना काय शिकवावं याची यादी देण्याऐवजी एक बाई काय शिकत गेल्या, त्याची हकिगत सांगते. त्या बाई माझ्या क्षेत्रातल्या नाहीत, पण त्यांचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. त्यांनी आयुष्यभर पावसाचा अभ्यास केला.

पावसाबद्दल शहापूर-मुरबाडच्या माणसाला काय सांगायचं? तानसा आपल्या तालुक्यात, भातसा आपल्या तालुक्यात, मुरबाडच्या बाजूला बारवी. तानसा धरण १८९२ सालचं, तेव्हापासून आपल्याकडचा पाऊस मुंबईची तहान भागवतो. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. आपल्यातल्या अनेकांनी ती वाट बघितली आहे, काही जण अजून बघतात. आपल्याकडे पाऊस भरपूर पडतो. अडचण आहे ती तो कधी येतो, किती दिवस दडी मारतो आणि भात कापून ठेवल्यावर नेमका का येतो, याची. या बाईंनी नेमके असेच प्रश्न घेतले.

त्यांचं नाव डॉ. सुलोचना गाडगीळ. माहेरच्या फाटक. जन्म पुण्याचा, १९४४ सालचा, आणि तारीख ७ जून. आपल्याकडे या सुमारास मृग निघतो आणि राब पेरायची घाई सुरू होते. मृगाच्या तोंडावर जन्मलेली मुलगी पुढे मान्सूनची शास्त्रज्ञ झाली, हा योगायोगच. कारण त्यांच्या शिक्षणाची वाट बघितली तर सुरुवातीला त्यात पाऊस कुठेच नाही.

घराणं डॉक्टरांचं. शाळेची शेवटची वर्षं आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीला. मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. तिथे आधी रसायनशास्त्र, नंतर गणिताकडे ओढा. १९६५ साली त्या आणि त्यांचे पती माधव गाडगीळ, दोघंही अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेले. माधवराव पुढे पर्यावरणाच्या क्षेत्रात नावाजले, पश्चिम घाटाच्या अहवालामुळे ते नाव तुम्हाला माहीत असेल. सुलोचनाबाईंनी उपयोजित गणितात पीएच.डी. केली, १९७० साली. विषय कोणता? अटलांटिक महासागरातला गल्फ स्ट्रीम नावाचा समुद्रप्रवाह. तो नदीसारखा वळणं घेत जातो, ती वळणं का पडतात याचं गणित. म्हणजे पुण्याची मुलगी, रसायनापासून निघाली, गणितात शिरली आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या समुद्रात पोचली. आपल्याकडचे नातेवाईक म्हणाले असते, ‘एक काय ते धड ठरव.’

पण वाहतं पाणी आणि वाहती हवा यांची समीकरणं मुळात एकाच घराण्यातली. समुद्राच्या प्रवाहाला लागू पडणारं गणित वाऱ्यालाही लागू पडतं. पीएच.डी. नंतर त्यांनी एमआयटी या संस्थेत ज्यूल चार्नी यांच्याबरोबर काम केलं. चार्नी हे नाव मला सॉफ्टवेअरवाली म्हणून जवळचं वाटतं. १९५० साली एनिॲक या सुरुवातीच्या, खोलीभर पसरलेल्या संगणकावर हवामानाचा पहिला अंदाज काढला गेला, तो काढणाऱ्यांपैकी ते एक. २४ तासांचा अंदाज काढायला त्या यंत्राला जवळजवळ २४ तासच लागले होते. म्हणजे उद्याचा अंदाज हातात पडेपर्यंत उद्या उजाडलेला! आज आपण मोबाइलवर ढगाचं चित्र बघतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

१९७१ साली हे जोडपं भारतात परत आलं. तिकडे राहून काम करणं सोपं होतं, पण सुलोचनाबाईंना मान्सून समजून घ्यायचा होता. आधी दोन वर्षं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत काम केलं. ही संस्था १९६२ साली स्थापन झाली, पाषाण रस्त्याला आहे. १९७३ साली त्या बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत मान्सूनवर काम करत राहिल्या. तिथलं वातावरणशास्त्राचं केंद्र उभं करणाऱ्यांत त्या होत्या.

आता मी आपल्या भूगोलाच्या बाईंची आधीच क्षमा मागते. आपण सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर आठवा : उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो. जमिनीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात आणि पाऊस पडतो. पूर्ण गुण! ही कल्पना एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८६ साली मांडली, ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे तेच हॅली. सुलोचनाबाई आपल्या व्याख्यानांत आणि लेखांत यावर साधे प्रश्न विचारत. जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात, मग भरपूर पाऊस जुलैत का, जमीन गार झाल्यावर? आणि ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते. मग हॅलीच्या हिशेबाने त्याच वर्षी पाऊस जास्त पडायला हवा!

मुरबाडच्या शेतावर उभ्या असलेल्या कुणालाही सुचावा असा हा प्रश्न आहे. मे महिन्यात पाय भाजतात आणि आभाळ कोरडं असतं, हे आपण दर वर्षी अनुभवतो. फक्त पाठ केलेल्या उत्तराला तो अनुभव कधी भिडवत नाही.

मग उत्तर काय? विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा, पावसाचा एक पट्टा असतो. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा हा पट्टाही सरकतो आणि आपल्या भागात तो समुद्रावरून थेट जमिनीवर चढतो. तो पट्टा आपल्यावर येणं म्हणजे मान्सून. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक खोटा नाही, पण तेवढ्याने हिशेब लागत नाही.

हे नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. सुलोचनाबाई आणि पुण्याच्या संस्थेतले डॉ. डी. आर. सिक्का यांनी उपग्रहाने काढलेली रोजची ढगांची चित्रं घेतली. एकेका दिवसाचं चित्र बघायचं, ढगांचा पट्टा कोणत्या अक्षांशावर आहे ते नोंदवायचं, मग पुढचा दिवस. असे काही वर्षांचे पावसाळे त्यांनी तपासले. १९८० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की पट्टा एकदा वर चढून बसला आणि काम संपलं, असं होत नाही. जमिनीवरचा पट्टा विरतो, इकडे उघडीप पडते. मग दक्षिणेला समुद्रावर नवा पट्टा तयार होतो, हळूहळू उत्तरेकडे सरकतो आणि पुन्हा झड लागते. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे होत राहतं. आवणी अर्ध्यावर असताना पाऊस दडी का मारतो आणि पुन्हा का येतो, याचं मोठं कारण या ये-जा करणाऱ्या पट्ट्यात आहे.

पुढे १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेलं, तरच त्यावर उंच, पाऊस देणारे ढग मोठ्या प्रमाणावर उभे राहू शकतात. त्याखाली असेल तर ते क्वचितच होतं. आणि वर गेलं म्हणजे ढग येतीलच असंही नाही. आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या भाषेत ही ‘अट’ आहे. अट पूर्ण झाली तर पुढचं पाऊल शक्य, खात्री नाही. निसर्गाबद्दल इतकं मोजकं आणि प्रामाणिक बोलणं मला फार आवडतं.

टीव्हीवर दर उन्हाळ्यात ‘एल निनो’ ऐकू येतो. प्रशांत महासागर तापला की आपल्याकडे दुष्काळ, असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं आहे. पण १९९७ साली फार तीव्र एल निनो होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. आणि २००२ साली एल निनो त्या मानाने सौम्य असूनही पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. हिशेब चुकला कुठे? सुलोचनाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की प्रशांत महासागराबरोबर आपल्या हिंदी महासागराकडेही बघावं लागतं. विषुववृत्तावर त्याच्या पश्चिम भागात ढग जास्त की पूर्व भागात, यावर बरंच ठरतं. पश्चिमेकडे जास्त असतील तर आपल्याला अनुकूल. दोन्ही महासागर एकत्र धरले तर १९९७ आणि २००२ दोन्ही वर्षांचा उलगडा होतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. एवढं गणित करणाऱ्या बाई शेतकऱ्यांकडे गेल्या, आणि शिकवायला नाही, विचारायला गेल्या. कर्नाटकातल्या पावगड भागात कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काम केलं. हवामान खातं सांगतं, यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के. शेतकऱ्याला त्याचं काय करायचं? त्याचा प्रश्न असतो, ‘पेरू कधी?’ त्यांनी तो प्रश्न हातात घेतला. अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचं संगणकावरचं गणित एकत्र करून, कोणत्या दिवसांत पेरलं तर धोका कमी, हे काढलं.

शेतकरी तज्ज्ञांनी सांगितलेलं खत-औषध वापरत नाहीत, म्हणून त्यांना अडाणी म्हणण्याची पद्धत आहे. सुलोचनाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. कोरडवाहू शेतात खताचा फायदा चांगल्या पावसाच्या वर्षीच होतो. पाऊस गेला तर खतही गेलं आणि पैसाही. मग जो खर्च करत नाही तो आपल्या अनुभवाने हिशेबच करत असतो. २००६ साली त्यांनी आपल्या मुलाबरोबर, तो गणितज्ञ आहे, एक निबंध लिहिला. शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा इतका घटला, तरी मोठ्या दुष्काळाचा फटका राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के इतका कायम राहिला आहे, असं त्यांनी त्यात दाखवलं. दुष्काळात जितकं नुकसान होतं तितका फायदा जास्त पावसात होत नाही, हेही त्यांनी मांडलं.

२०२५ च्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, सुलोचनाबाई गेल्या. तेव्हा मी त्यांच्याबद्दल वाचत गेले आणि आजचं हे भाषण तिथून तयार होत गेलं.

त्यांच्या आधीच्या पिढीतलं आणखी एक नाव सांगते. अण्णा मणी. या केरळच्या. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकं यांच्यावर संशोधन केलं, प्रबंध लिहिला. पण एम.एस्सी. झालेली नाही म्हणून पीएच.डी. मिळाली नाही. १९४५ साली लंडनला गेल्या, भौतिकशास्त्र शिकायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली ती हवामान मोजण्याच्या उपकरणांसाठी. त्यांनी ती घेतली. १९४८ साली परत येऊन पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ती कचेरी तुम्ही पाहिली असेल. जी उपकरणं परदेशातून मागवावी लागत ती देशात बनावीत म्हणून त्यांनी जवळपास १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. हवी ती वाट मिळाली नाही, मिळाली त्या वाटेवर त्यांनी रस्ता बांधला.

आता परत संयोजकांच्या प्रश्नाकडे येते. आपल्या वर्गात एक मैत्रीण होती. नाव घेत नाही, समोरच बसली आहे, उठून जाईल. भूमितीचं कोडं फळ्यावर लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. माझ्या वहीत नंतर तिच्याच वहीवरून यायचं, सरांना आता सांगायला हरकत नाही. बारावीनंतर तिचं लग्न झालं. कॉलेज लांब होतं, परत यायला अंधार व्हायचा, घरच्यांना काळजी. मी शिकले याचं कारण मी तिच्यापेक्षा हुशार होते असं नाही. माझी मावशी कल्याणला राहत होती, एवढंच.

आज ती मैत्रीण घरची शेती बघते. राब कधी भाजायचा, आवणीला माणसं कधी बोलवायची, वरकसात नाचणी की वरी, हे तीच ठरवते. काल रात्री आम्ही गप्पा मारत होतो. तिने मला विचारलं, ‘मोबाइलवर जिल्ह्याचा पाऊस दाखवतात. ठाण्याला पडतो तो माझ्या खाचरात पडतो का?’ मी दोन मिनिटं गप्प झाले. कारण हवामानशास्त्रातल्या आजच्या मोठ्या प्रश्नांपैकी हा एक आहे. संगणक देशाचे चौकोन पाडून अंदाज काढतो. आपल्याकडे हा चौकोन १२ किलोमीटरचा होता, पुण्याच्या त्याच संस्थेने २०२५ च्या मे महिन्यात तो ६ किलोमीटरवर आणला, त्यासाठी ‘अर्का’ नावाचा महासंगणक आहे. तरीसुद्धा माहुलीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं खाचर एकाच चौकोनात जाऊ शकतं. किन्हवलीला ऊन आणि डोळखांबला सर, हे आपल्याला नवीन नाही, संगणकाला अजून अवघड आहे.

तिची मुलगी यंदा अकरावी विज्ञानाला आहे. गणित तिचंही आईसारखंच. घरात चर्चा चालू आहे की पुढे काय, आणि मुलीने विचारलं, ‘मावशी, पावसाचा अभ्यास करायचा तर कुठे जायचं?’ तिला दिलेलं उत्तर सगळ्यांसाठी सांगते. त्यासाठी आत्ताच वेगळा कोर्स शोधावा लागत नाही. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी. करा, किंवा इंजिनीअरिंग करा. मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, कोचीनला आहे, आयआयटींमध्ये आहे, बंगळूरला सुलोचनाबाईंचं केंद्र आहे. पुण्याच्या संस्थेत संशोधनासाठी विद्यार्थी घेतात. वाट लांब आहे, मधे वळणं आहेत, पण ती सुरू होते ती अकरावी-बारावीच्या गणितापासून. म्हणून आई-वडिलांना माझी विनंती एकच. मुलीचं गणित चांगलं असेल तर बारावीला तिची वाट बंद करू नका. मुक्कामाची सोय हा प्रश्न असेल, तर इथे बसलेल्यांपैकी पुणे, ठाणे, कल्याणला ज्यांची घरं आहेत त्यांनी आज हात वर करावेत. माझा हात मी आधीच वर केला आहे.

दुसरी गोष्ट शाळेसाठी. आपल्या बॅचची वर्गणी शिल्लक राहणार आहे. भिंतीवर नावाची फरशी बसवण्याऐवजी शाळेला एक पर्जन्यमापक देऊ या. मोकळ्या जागेत, इमारत आणि झाडांपासून लांब, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच. रोज सकाळी साडेआठला मुलांनी पाणी मोजायचं आणि वहीत तारीख घालून लिहायचं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, शून्यही नोंदच आहे. हवामान खात्याची पद्धत हीच. सिक्का आणि गाडगीळ यांनी रोज एक चित्र बघून जे केलं, त्याच जातीचं हे काम आहे. दहा वर्षांनी शाळेकडे आपल्या गावच्या पावसाची स्वतःची वही असेल. दडी किती दिवसांची, परतीचा पाऊस कोणत्या तारखेला, हे सगळं त्यात सापडेल.

आणि मुलांना एक हिशेब घालावा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर धरलं आणि मोसमात २,५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर किती? ५ लाख लिटर. १० हजार लिटरचे ५० टँकर एका छपरावरून वाहून जातात. हे गणित मुलांनी स्वतः सोडवलं की टाकी कुठे बांधायची हेही त्याच सांगतील.

पर्जन्यमापक मृगाआधी बसला पाहिजे. मैदानातली जागा विज्ञानाच्या सरांनी आजच जेवणानंतर दाखवावी, मी टेप आणली आहे. आणि पहिल्या दिवसाची नोंद माझ्या त्या मैत्रिणीने करावी, अशी सगळ्यांच्या वतीने विनंती करते आणि थांबते.